तोळामाशाचा हिशेब

कुत्री व्याली की घरातल्या मंडळींची पहिली पृच्छा पिलांच्या संख्येविषयी असते, दुसरी त्यांच्या रंगाविषयी, आणि नर किती व माद्या किती एवढा खुलासा झाला म्हणजे बहुतेकांची जिज्ञासा तृप्त होते. परंतु ज्याला ती पिले जगवावयाची आहेत त्याने या सर्व प्रश्नांच्या अगोदर आणखी एक प्रश्न विचारावयास हवा, आणि तो म्हणजे प्रत्येक पिलाचे वजन किती भरले. नवजात पिलाची अवस्थाच अशी असते, की त्याच्या प्रकृतीविषयी दुसरा विश्वसनीय दाखला मिळणे दुरापास्त. डोळे मिटलेले, कान बंद, पायांवर उभे राहण्याची शक्ती नाही. दिवसाचे बहुतेक सगळे तास झोपेत आणि उरलेले आईला लुचण्यात जातात. अशा जीवाला गारठा होवो, भूक लागो, नाळेच्या जखमेतून जंतू शिरोत किंवा जन्मतःच त्याची टाळू फाटलेली असो, बाहेरून दिसणारी लक्षणे दोनच : एक तर ते सारखे कुंईकुंई करीत राहते, नाही तर अजिबात गप्प होते, आणि गप्प झालेले पिलू सुखाने झोपले आहे अशा समजुतीने घरातली माणसेही सुखाने झोपतात. काट्यावरचा आकडा मात्र डोळ्यांना काही उमगण्याच्या कित्येक तास आधी हलू लागतो.

कुत्रीच्या गर्भधारणेचा काळ सुमारे ६३ दिवसांचा. एवढ्या अल्प मुदतीत निसर्ग जे घडवतो ते पूर्णावस्थेला पोहोचलेले शरीर नसून, उरलेले काम आईच्या दुधावर सोपवून बाहेर पाठविलेला एक अर्धवट मसुदाच असतो. त्यातही जातीजातींतील तफावत विलक्षण आहे. ग्रेट डेनची कुत्री वजनाने ५०-५५ किलोची असली तर तिचे पिलू सहाशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आईच्या शंभराव्या हिश्शाएवढे; उलट अडीच किलोच्या चिवावा कुत्रीचे पिलू शंभर-सव्वाशे ग्रॅमचे, म्हणजे आईच्या विसाव्या हिश्शाएवढे असते. याचा अर्थ असा की, थोराड जातीच्या पिलाला जवळजवळ शंभरपट वाढावयाचे असते आणि तेही दीड-दोन वर्षांच्या आत, तर चिवावाचे पिलू वीसपट वाढले की त्याचे काम संपते. म्हणून 'पिलाचे वजन किती असावे' या प्रश्नाला एक उत्तर नाही. शेजाऱ्याच्या लॅब्राडोरची पिले साडेचारशे ग्रॅमची झाली होती, म्हणून आपल्या घरच्या पामेरियनची दीडशे ग्रॅमची पिले अशक्त आहेत असे अनुमान काढणे, हा निव्वळ अज्ञानाचा प्रकार होय. पिलाची तुलना करावयाची ती प्रथम त्याच्या स्वतःच्या कालच्या वजनाशी, नंतर त्याच्या भावंडांशी, आणि अगदीच हौस असेल तर त्यानंतर जातीच्या सरासरीशी.

जन्मतः पिलाच्या शरीरात पाण्याचा अंश सुमारे चार-पंचमांश असतो. चरबी मात्र शेकडा एक-दोन भाग, म्हणजे नसल्यातच जमा. मनुष्याचे पूर्ण दिवसांचे बाळ त्वचेखाली चरबीचा चांगला थर घेऊन जन्मास येते व त्या शिलकीवर थोडा काळ तग धरू शकते. पिलाच्या यकृतात साठलेली थोडीशी साखर हीच काय ती त्याची पुंजी, आणि ती काही तासांतच सरते. अशा स्थितीत जन्मानंतरच्या पहिल्या चोवीस तासांत वजन किंचित घटले तर त्यात नवल वाटावयास नको. अंगावरचे गर्भजल सुकते, पहिला मल व मूत्र बाहेर पडते, श्वासावाटे आणि पातळ त्वचेतून पाणी उडून जाते, आणि आईचा पान्हा पुरता सुटलेला नसल्यामुळे या खर्चाच्या मानाने जमा कमी पडते. दुसऱ्या दिवसापासून आकडा चढू लागला की हा मामला तेथेच मिटतो.

परंतु ही घट कितपत सोसावी? श्वानपालनावरील जुन्या ग्रंथांतून शेकडा दहापर्यंतची तूट स्वाभाविक मानून चालण्याची वहिवाट होती, आणि अद्यापही अनेक पशुपालक तीच मर्यादा सांगतात. फ्रान्समध्ये तुलूझ येथील पशुवैद्यक विद्यालयातील संशोधकांनी गेल्या दशकात या विषयाचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा असे आढळून आले की, जन्मापासूनच्या पहिल्या दोन दिवसांत ज्या पिलांचे वजन शेकडा चार किंवा त्याहून अधिक घटले, त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण इतरांच्या मानाने कितीतरी पटींनी जास्त होते. प्रस्तुत लेखकाचे मत विचाराल तर, दहाची मर्यादा ही कुत्र्यांच्या सोयीपेक्षा माणसांच्या सोयीची होती. चारशे ग्रॅमच्या पिलाचे शेकडा चार म्हणजे सोळा ग्रॅम, जुन्या मापाने सव्वा तोळा आणि वर थोडेसे. इतकी बारीक तूट धान्याच्या तराजूवर कळणेच शक्य नव्हते, म्हणून ती क्षम्य ठरविली गेली असावी असा आपला एक तर्क.

या तुटीच्या मुळाशी बहुधा भूक नसते, थंडी असते. जर्मन शरीरशास्त्रज्ञ माक्स रुब्नर यांनी १८८३ मध्ये सुमारे तीन किलोपासून एकतीस किलोपर्यंतच्या निरनिराळ्या कुत्र्यांची उष्णता मोजून दाखविले, की लहान कुत्र्याला वजनाच्या प्रत्येक किलोमागे मोठ्या कुत्र्याच्या दुपटीहून अधिक उष्णता निर्माण करावी लागते, कारण शरीर जितके लहान तितका त्याच्या वजनाच्या मानाने त्वचेचा पृष्ठभाग अधिक आणि उष्णतेचा व्यय अधिक. रुब्नरांचे लहानातले लहान कुत्रे जर तीन किलोचे, तर तीनशे ग्रॅमच्या ओल्या पिलाची काय अवस्था होत असेल याची कल्पना वाचकांनी करावी. शिवाय हुडहुडी भरून ऊब निर्माण करण्याची जी सोय प्रौढ प्राण्याला असते ती पिलाला पहिले पाच-सहा दिवस लाभतच नाही. त्याच्या शरीराचे तापमान पहिल्या आठवड्यात ३५ ते ३६ अंश सेल्सिअस असते, आईचे ३८.५ च्या घरात. हे पिलाचे तापमान साडेचौतीसच्या खाली उतरले की त्याचे लुचणे मंदावते, आतड्यांची हालचाल थंडावते, लुचणे मंदावल्यामुळे पोटात दूध जात नाही, दूध नाही म्हणून साखर नाही, साखर नाही म्हणून ऊब नाही. आणि अशा अवस्थेतील पिलाला आई नाकाने बाजूला सारते, तेव्हा लोक तिच्या निर्दयतेला बोल लावतात.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावयाची ती अशी, की गारठलेल्या पिलाला दूध पाजू नये. दयाळू अंतःकरणाच्या गृहिणी नेमके हेच करतात. थंड पडलेल्या आतड्यात गेलेले दूध पचत नाही, तेथेच नासते, पोट फुगते, आणि फुफ्फुसात उतरण्याचे भय असते ते निराळेच. प्रथम ऊब, तीही शेगडीच्या धगीची नव्हे, तर स्वतःच्या अंगाशी धरून किंवा फडक्यात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवून दोन-तीन तासांत हळूहळू आणलेली, मग दूध. व्यालेल्या कुत्रीच्या कोपऱ्यात पहिला आठवडा २९ ते ३२ अंशांपर्यंत ऊब असावी, मात्र आईला गरम होऊ लागले तर तिला उठून बाजूस जाता येईल एवढी जागा राखावी. ऊब पुरेशी आहे की नाही हे पिलांच्या ढिगावरूनच समजते : एकमेकांवर पडून निमूट झोपलेली असतील तर ठीक, ढीग करूनही रडत असतील तर थंडी, आणि फाकून दूरदूर पडली असतील तर उकाडा.

आपल्याकडील गावठी कुत्र्यांचा माज भाद्रपदात येतो, हे कोणाला सांगावयास नको. भाद्रपदात मिलन आणि नऊ आठवड्यांची मुदत हा हिशेब केला तर पिले पडतात ती कार्तिक-मार्गशीर्षात, म्हणजे देशावर पहाटेचा गारवा अंगाला झोंबू लागतो त्या सुमारास. कोणाच्या ओट्याखाली, पडक्या भिंतीच्या आडोशाला किंवा वाळूच्या ढिगात खोदलेल्या खळग्यात ती वेते होतात, आणि कुत्री जागा निवडताना वारा लागणार नाही एवढे बहुधा पाहते. पण अन्नासाठी तिला उठावे लागते, आणि तेवढ्या वेळात त्या ढिगाच्या कडेला सरकलेल्या पिलाचे नशीब ठरते. बंगालमधील मोकाट कुत्र्यांच्या ३६४ पिलांचा मागोवा घेऊन २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्यांपैकी प्रजननक्षम वयापर्यंत पोहोचली ती शेकडा १९. अर्थात त्या मृत्यूंचे खापर सर्वस्वी थंडीवर फोडणे न्याय्य होणार नाही, कारण निम्म्याहून अधिक मृत्यूंस प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे मनुष्यच कारणीभूत होता, असे त्याच अभ्यासकांनी नोंदविले आहे.

थंडीचा आणखी एक छुपा भागीदार आहे. अमेरिकेत कारमायकेल प्रभृती संशोधकांनी १९६५ मध्ये पिलांना मारणाऱ्या एका नागीणवर्गीय विषाणूचे वर्णन केले. प्रौढ कुत्र्याला जो जेमतेम शिंकवतो, तोच विषाणू तीन आठवड्यांच्या आतील पिलाचा दोन दिवसांत निकाल लावतो, आणि त्याचे कारण पिलाच्या तापमानात आहे : ३५-३६ अंशांत या विषाणूची वृद्धी झपाट्याने होते, प्रौढाच्या ३८ अंशांहून अधिक तापमानात ती रोडावते. म्हणजे ऊब ही केवळ सुखाची बाब नसून संरक्षणाचीही आहे.

संरक्षणाचा दुसरा आणि अधिक मोठा मार्ग म्हणजे चीक. आईच्या रक्तातील प्रतिकारद्रव्ये मनुष्याच्या बाळाला वारेतूनच भरपूर मिळतात. कुत्रीच्या वारेची रचना वेगळी असल्यामुळे पिलाला त्या वाटेने शेकडा पाच ते दहा एवढाच वाटा पोहोचतो आणि बाकीचा सर्व चिकातून घ्यावा लागतो. त्यासाठी निसर्गाने दिलेली मुदत फार कडक आहे. जन्मतः पिलाच्या आतड्याचे अस्तर ही मोठमोठी द्रव्ये अखंड रक्तात जाऊ देते. परंतु पहिल्या चार-सहा तासांतच ते दार लोटले जाऊ लागते, आणि सोळा ते चोवीस तासांत पूर्ण बंद होते. त्यानंतर पाजलेला चीक पोट भरील, रक्तात उतरणार नाही. पहिल्या दिवशीचे वजन का जपावयाचे याचे खरे मर्म येथे आहे, कारण ज्याचे वजन पहिल्या दिवशी ढासळले त्याने चीकही कमी घेतला असला पाहिजे, आणि ती हानी पुढे कितीही दूध पाजले तरी भरून येत नाही. दोन आठवड्यांनी असे पिलू जुलाबाने गेले, की घरचे लोक म्हणतात, काल तर चांगले लुचत होते.

आता प्रत्यक्ष वजन घेण्याविषयी. एका ग्रॅमपर्यंत अचूक दाखविणारा स्वयंपाकघरातला विजेचा काटा या कामास पुरतो. त्यावर कडा असलेले पसरट भांडे ठेवून आत जाडसर फडके अंथरावे, काटा शून्यावर आणावा, हात धुऊन व चोळून गरम करावेत, आणि एक एक पिलू उचलावे. सगळी एकदम उचलली तर कुत्री बावरते, आणि पहिलटकरीण असेल तर चवताळतेही. भांड्यात ठेवलेले पिलू प्रथम डोके डावीउजवीकडे झोकांडत आईला शोधते, पुढच्या पायांनी फडके ओढते, आणि आकडा वरखाली नाचत राहतो. मग कडेला नाक टेकले की क्षणभर स्थिरावते, आणि तेवढ्या क्षणात आकडा टिपून घ्यावा. पहिले वजन आईने चाटून कोरडे केल्यावर, पण शक्यतो लुचण्याच्या आधी. पुढे दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ, नंतर दोन आठवडे रोज एकदा. वेळ ठरावीक असावी, कारण पोटभर प्यालेले पिलू दहा-बारा ग्रॅमने जड भरते आणि आईने चाटून मूत्र करविलेले तेवढेच हलके भरते, व या फरकाने अननुभवी माणूस विनाकारण हर्षित किंवा हवालदिल होतो. एकाच रंगाची पिले ओळखण्यासाठी त्यांच्या गळ्यात निरनिराळ्या रंगांचे लोकरीचे धागे बांधण्याची युक्ती चांगली, मात्र गळा आठवड्याभरात इतका भरतो की धागा दर एक-दोन दिवसांनी सैल करावा लागतो. त्यात हयगय झाली, तर ज्या पिलाची वाढ सर्वांत चांगली त्याच्याच मानेत तो रुतावयाचा.

ही वाढ किती वेगाने होते? बाझेल येथील शरीरशास्त्रज्ञ गुस्ताव्ह फॉन बुंगे यांनी गेल्या शतकाच्या आरंभापूर्वीच एक कोष्टक प्रसृत केले होते, त्यात निरनिराळ्या प्राण्यांच्या बालकांचे वजन जन्मानंतर किती दिवसांत दुप्पट होते, हे त्या त्या मातेच्या दुधाच्या घटकांशेजारी मांडले होते. मनुष्याला १८० दिवस लागतात, घोड्याला ६०, वासराला ४७, आणि कुत्र्याच्या पिलाला अवघे ९. बुंगे यांनी आणखी एक मौज दाखविली : कुत्रीचे दूध जाळून उरलेल्या राखेत क्षारांचे परस्परप्रमाण जवळजवळ नवजात पिलाच्या राखेतल्यासारखेच असते, फक्त लोह तेवढे दुधात अत्यल्प, आणि तो साठा पिलू जन्मापूर्वीच यकृतात भरून आणते. दूध हे केवळ अन्न नसून शरीराचा कच्चा माल आहे, ही गोष्ट त्यांनी इतक्या साध्या रीतीने सिद्ध केली की आजच्या किमती उपकरणांनी केलेल्या प्रयोगांपेक्षा तीच अधिक लक्षात राहते.

या कोष्टकाचा व्यावहारिक अर्थ असा, की सहा महिन्यांत दुप्पट होणाऱ्या बाळाचे किंवा दीड महिन्यात दुप्पट होणाऱ्या वासराचे दूध नऊ दिवसांत दुप्पट होणाऱ्या जीवाला पुरणार नाही. गाईच्या दुधात स्निग्धांश शेकडा चारच्या आसपास व प्रथिने साडेतीनच्या आत. कुत्रीच्या दुधात स्निग्धांश नऊच्या व प्रथिने साडेसातच्या आसपास, आणि साखर मात्र गाईच्या दुधापेक्षा कमी. आपल्या घरांतून तान्ह्या मुलाला वरचे दूध पाणी घालून पाजण्याची पद्धत होती. आई मेलेल्या पिलालाही त्याच ममतेने पाणी घातलेले दूध मिळते, आणि आधीच निम्म्या कसाचे दूध चतुर्थांश कसाचे होते. पिलू वाटीभर पिते, पोट टम्म दिसते, वजन हलत नाही, आणि जास्तीच्या साखरेने जुलाब लागतात. पशुवैद्याकडून पिलांसाठी मुद्दाम बनविलेली दुधाची भुकटी आणणे हाच त्यावर सरळ उपाय. पाजताना पिलाला मुलासारखे मांडीवर उताणे घेऊ नये, पोटावर पालथे, मान किंचित वर, म्हणजे आईपाशी ते जसे असते तसेच धरावे. उताण्या पिलाच्या नाकातून दूध बाहेर येताना दिसले की ते छातीतही गेले असे समजावे. पाजण्याआधी व नंतर ओल्या कोमट कापसाने शेपटीखाली हलके पुसावे, कारण पहिले तीन आठवडे आईच्या जिभेच्या चाळवणीवाचून पिलाला मलमूत्र विसर्जन नीट करता येत नाही.

पहिल्या आठवड्यात जन्मवजनाच्या शेकडा पाच ते दहा इतकी रोजची वाढ हवी. श्वानपालकांत दुसरेही एक गणित रूढ आहे : प्रौढपणी जितके किलो वजन अपेक्षित, तितक्यांना दोन ते चारने गुणून येतील तितके ग्रॅम रोज वाढावेत. प्रौढपणी १२ किलो भरणाऱ्या बीगलचे पिलू या हिशेबाने रोज २४ ते ४८ ग्रॅम वाढेल, आणि अडीचशे ग्रॅमचे जन्मलेले पिलू नऊ दिवसांत दुप्पट व्हावयाचे तर त्याला रोज सुमारे २८ ग्रॅम लागतात. तेव्हा दोन्ही गणिते एकमेकांस साक्ष देतात. दहाव्या दिवसाच्या ऐवजी बाराव्या दिवशी दुप्पट झाले तर गहजब करण्याचे कारण नाही. एक दिवस आकडा जागच्या जागी राहिला तर लक्ष ठेवावे, ऊब तपासावी, पिलू मागच्या भरपूर दुधाच्या आचळांना लावून द्यावे. पहिल्या दिवसानंतरही तो खाली आला तर मात्र पशुवैद्याला बोलावण्यात दिरंगाई करू नये. वेतातील सर्वच पिलांचे आकडे एकदम थबकले, तर दोष पिलांत न शोधता कुत्रीकडे पाहावे : तिला ताप आहे काय, एखादे आचळ दगडासारखे कठीण व गरम लागते काय, तिचे स्वतःचे खाणे पुरते काय, कारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दूध ऐन भरात असते तेव्हा तिला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट अन्न लागते.

नॉर्वेमध्ये २००६ व २००७ या दोन वर्षांत नोंदलेल्या १०,८१० वेतांतील ५८,४३९ पिलांचा तपशील तपासण्यात आला, तेव्हा मृत जन्मलेली व पहिल्या आठवड्यात दगावलेली मिळून शेकडा आठ भरली. नॉर्वेसारख्या दक्ष व सुखवस्तू देशातील हा आकडा आहे, हे ध्यानात घेता, वेतातील एखादे पिलू सर्व प्रयत्न करूनही हाताला लागले नाही तर आपल्या हातून काही पाप घडले असे पालकाने मनास लावून घेऊ नये.

दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस डोळे उघडतात, त्यानंतर थोड्याच दिवसांत कान मोकळे होतात, आणि तिसऱ्या आठवड्यात पिले लडखडत चालू लागतात. तेव्हापासून वजनाचे एकछत्री राज्य संपते, कारण आता पाहण्यासारखे दुसरेही पुष्कळ असते. तरी एका फसवणुकीपासून सावध राहावे. जंत बहुतेक पिलांना आईच्या पोटातूनच मिळालेले असतात, आणि त्यांच्यामुळे ताणलेले गोल पोट अनेकांना बाळसे वाटते. पाठीच्या मणक्यांवरून बोट फिरवले तर खरे काय ते लगेच कळते. म्हणून जंताचे पहिले औषध दोन आठवड्यांच्या वयातच द्यावयाचे असते. चौथ्या आठवड्यात दात टोचू लागल्याने कुत्री पिलांना झिडकारू लागते, त्यांच्यापुढे पातळ कालवलेले अन्न येते, आणि या बदलात दोन-चार दिवस वाढ मंदावते. त्यात विशेष काही नाही.

याच सुमारास पालकाची चिंता एकदम उलट टोकाला जाते, आणि पिलू जितके जाडजूड तितके चांगले अशी स्पर्धा सुरू होते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात ग्रेट डेनच्या पिलांवर केलेले व १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोग येथे नमूद करण्याजोगे आहेत : ज्यांना भरपूर कसाचे अन्न हवे तितके खाऊ दिले, त्यांची वाढ झपाट्याने झाली खरी, पण त्यांच्याच हाडांत व सांध्यांत विकृती अधिक आढळल्या. पुढे अमेरिकेतच ४८ लॅब्राडोर पिलांच्या, सख्ख्या भावंडांतून निवडलेल्या, २४ जोड्या लावून आठव्या आठवड्यापासून प्रत्येक जोडीतील एकाला दुसऱ्याच्या तीन-चतुर्थांश अन्न आयुष्यभर दिले गेले. २००२ मध्ये त्याचा निष्कर्ष छापला गेला तेव्हा अधिक खाणाऱ्या गटाचे मध्यक आयुष्य ११.२ वर्षे आणि कमी खाणाऱ्या गटाचे १३ वर्षे भरले होते, आणि सांध्यांचा आजारही या दुसऱ्या गटात पुष्कळ उशिरा दिसू लागला होता.